उलीची रेघ

उरेदियाचा हात म्हणजे हात! तिने उलीच्या फळाच्या रसाची एक रेघ बाईच्या दंडावरून ओढली की बघणाऱ्याचा श्वास अडकायचा. पण गावात मिशनची शाळा आली आणि सिस्टरने फर्मावलं, अंगावर रेघोट्या असतील तर बाप्तिस्मा नाही. झालं, एकेक करून पोरी फिरकेनाशा झाल्या. आज तर तिची स्वतःची लेक अदाकूच चर्चमध्ये चालली होती. बाप्तिस्म्यानंतर तिने सिस्टरकडेच राहायचं, आईचा उंबरा पुन्हा ओलांडायचा नाही.

उजाडताच अदाकूने उजवा हात पुढे केला.

“काढ, आई. शेवटचं.”

“अगं, सिस्टर हाकलून देईल तुला!”

“तिला कुठलं दिसतंय? आत्ता तर रस पाण्यासारखा असतो.”

“आणि काळा पडल्यावर?”

“तोवर डोक्यावर पाणी पडलेलं असेल. काढ गं, किती घोळ घालतेस!”

उरेदियाने बांबूची काडी उचलली.

चर्चच्या दारात सिस्टरने पोरीचे हात उलटेपालटे करून पाहिले आणि तिला आत सोडलं. उरेदियाला मज्जाव होता, ती खिडकीशी उभी राहिली. फादरचं प्रवचन काही संपेना. ऊन अदाकूच्या हातावर आलं आणि रेघ उमटू लागली.

चाळीस वर्षं उरेदिया रेघा काढत होती, पण काढून झालं की बायका आपापल्या घरी जायच्या. रेघ उमटताना तिने कधी पाहिलीच नव्हती. आधी नुसती सावली, मग मनगटावर अजगराचं वेटोळं, मग कोपरापाशी चंद्रकोर. हे आपण केलं? आपल्या काडीत एवढं होतं?

फादरचा पाण्याचा हात हवेतच थांबला. सिस्टरने रुमाल ओला करून खसाखसा घासलं. रेघ हलली नाही.

“कोणी काढलं हे?” फादरने विचारलं.

माझं नाव सांगू नकोस गं, उरेदिया मनात म्हणत होती.

“माझ्या आईने. मीच काढायला लावलं,” अदाकू म्हणाली.

“पुसलं गेलं की मग ये.”

“आठ दिवस लागतात, फादर.”

ती बाहेर येऊन आईशेजारी धुळीत बसली. उरेदियाचे डोळे वाहत होते.

“आठ दिवसांनी जाशीलच ना गं?”

“जाईन की.” अदाकूने डावा हात आईच्या मांडीवर ठेवला. “पण यावर आज नको काढू. सातव्या दिवशी काढ.”