न मावलेलं हसू

मी एक मेमरी कार्ड बोलतोय, आणि पुढचं काही सांगायच्या आधी कबूल करतो की मी खोटं कार्ड आहे. पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडा मोठा माझा देह. अंगावर ठसठशीत आकड्यांत चौसष्ट जीबी लिहिलंय. पोटात जागा मात्र आठचीच. ज्यानं मला बनवलं त्यानं वरचं लेबल चिकटवलं आणि एकच गोष्ट पढवून ठेवली, की कॅमेऱ्यानं विचारलं तर चौसष्ट सांगायचं. आठ भरले की पुढचं येईल ते गिळून टाकायचं आणि वर म्हणायचं, मिळालं हो, पाठवा अजून.

माझं जन्मगाव मला ठाऊक नाही. शुद्ध आली तेव्हा मी जळगावात एका मोबाइलच्या दुकानात, चार्जर आणि कव्हरांच्या गर्दीत, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये पडून होतो. तिथून मला अरशदनं उचललं.

अरशद जळगावातल्याच मेहरूणमध्ये राहतो. लग्नं, साखरपुडे, बारशी यांचे फोटो काढतो. त्याचे वडील नूर महंमद रोलच्या जमान्यातले फोटोग्राफर. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, पण फोटोच्या बाबतीत त्यांना अजून कुणी फसवू शकत नाही. त्या दिवशी अरशदनं एक लेन्स घेतली होती. पंच्याऐंशी मिलिमीटरची. दोन वर्षं तिच्यावर डोळा होता त्याचा. मागचं सगळं धूसर करून माणसाचा चेहरा तेवढा समोर आणणारी काच ती. दिसायलाही रुबाबदार. मला तिचा पहिल्या दिवसापासून हेवा वाटायचा, खोटं कशाला सांगू!

"इसमें झूम नहीं है," अब्बांनी लेन्स हातात घेऊन चाचपली. "शादी के घर में पीछे हटने को जगह किधर मिलती? और कार्ड कौनसा लिया?"

अरशदनं मला पुढे केलं. अब्बांनी मला डोळ्यांजवळ नेलं, उलटंपालटं केलं.

"सस्ता दिखता है."

"अब्बा, लेन्स में सब खर्च हो गया. कार्ड कार्डच आहे, त्यात काय बघायचं?"

 मला अरशदच्या हातात परत देताना अब्बांनी मान तेवढी हलवली. पुढचे काही महिने माझं पितळ उघडं पडलं नाही, कारण कामंच लहान होती. बारसं झालं, वाढदिवस झाला. आठच्या आत सगळं मावलं, आणि मीही स्वतःला चौसष्टचा समजू लागलो.

मग श्रावणातली कानबाई आली, खानदेशातल्या घराघरांत बसणारी देवी.

धरणगावच्या पुढं एक खेडं आहे, तिथल्या घरी अरशदला बोलावणं आलं. धुळ्याला नोकरी करणारा भूषण बोलावणारा. त्याचा थोरला भाऊ प्रेमराज धुळ्यातच विजेच्या मोटारी वाइंड करायचा. वर्षभरापासून रक्ताच्या आजारानं अंथरुणाला खिळलेला. डॉक्टरांनी आता घरी न्या म्हणून सांगितलं होतं. कानबाईला भाऊबंद कुठंही असोत, घरी येतात. भूषणला वाटलं, बठ्ठे भाऊबंद जमलेत तर फोटो काढून ठेवू. पुढच्या वर्षी कोण असेल, हे त्यानं फोनवर म्हटलं नाही, पण अरशदला कळलं.

रविवारी कानबाई बसली, सोमवारी विसर्जनासाठी उठणार होती. अरशद दोन दिवस खटाखट फोटो काढत होता. देवीचा मुखवटा, गाणी म्हणणाऱ्या बाया, पुरणाचे हात, भूषण आणि त्याचे चुलतभाऊ एकमेकांच्या गळ्यात हात घालून खिदळताना. मी भरत होतो. सोमवारी सकाळी मी काठोकाठ आलो, आणि हे मी कुणालाही सांगितलं नाही.

देवी उठायच्या आधी प्रेमराज भिंतीला धरून अंगणात आला. बायको रत्ना मागे होती, सहा वर्षांची नूतन पुढे.

"अरशदभाऊ," तो म्हणाला, "दवाखानाना फोटोमा मी मालेच ओयखू येस नही. एक चांगला फोटू काढी दे."

अरशदनं पंच्याऐंशीची लेन्स लावली. झूम नसल्यामुळं चेहरा नीट बसेना. तो एक पाऊल मागे सरला, मग आणखी एक, मग आणखी. मागे शेणानं भरलेलं घमेलं होतं. अरशद त्यात बसला, पूर्ण बसला, आणि कॅमेरा मात्र दोन्ही हातांनी वर धरून राहिला.

नूतन किंचाळली. आणि प्रेमराज हसला. गेले आठ महिने त्या घरात ते हसणं कुणी ऐकलं नव्हतं. पोट धरून, मान मागे टाकून, सगळे दात दाखवून तो हसला. रत्नानं तोंडावर पदर घेतला. ती हसत होती की रडत होती, हे मला कॅमेऱ्याच्या आतून नाही कळलं. शेणात बसल्याबसल्या अरशदनं बटण दाबलं.

फोटो आमच्यात वरून खाली उतरतो. आधी कपाळ आलं, मग भुवया, मग बारीक झालेले, कडेला सुरकुत्या पडलेले हसरे डोळे. नाकाशी माझी जागा संपली. खाली ओठ येत होते, दात येत होते, ते सगळं हसणं येत होतं. कॅमेऱ्यानं विचारलं, आहे ना जागा? मी म्हणालो, आहे.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो फोटो क्षणभर पूर्ण दिसला. तो कॅमेऱ्यानं स्वतःजवळ धरलेला होता, माझ्यातला नव्हे. अरशदनं तोच सगळ्यांना दाखवला. रत्ना बराच वेळ बघत राहिली. त्यानंतरची मिरवणूक, नदी, विसर्जन, ऐंशी-नव्वद फोटो, सगळे मी असेच गिळले. माझ्यात त्यांची नावं आहेत, माणसं नाहीत.

बाविसाव्या दिवशी प्रेमराज गेला.

भूषणचा फोन आल्यावर अरशदनं मला कानबाईनंतर पहिल्यांदा कॉम्प्युटरला जोडलं. तोवर त्याला सवडच झाली नव्हती. प्रेमराजचा फोटो उघडला, तर डोळे हसत होते आणि त्यांच्याखाली राखाडी. सपाट, कोरी राखाडी. अरशदनं मला काढलं, पुसलं, फुंकर मारली, पुन्हा घातलं. पुन्हा तेच दोन डोळे. 

खरं सांगायची हिंमत झाली नाही त्याची. घरचे म्हणत होते, दुसरे फोटो काय करायचे, आजारातले? लग्नातला तर बावीस वर्षांचा घाबरलेला पोरगा. आम्हाला तोच पाहिजे, हसलेला. तेव्हा अरशदनं माझ्यातूनच भूषणचा हसतानाचा फोटो घेतला, तोंड कापलं आणि प्रेमराजच्या डोळ्यांखाली जोडलं. असं जोडलं की कड कुठं दिसू नये.

अब्बा पडद्याला नाक लावून बघत राहिले. "किसका मुँह है ये?"

"भाईका. एकाच आईचे आहेत अब्बा. चल जाएगा."

"घरवाली को चलेगा?"

अरशदनं कॉम्प्युटर बंद केला.

गंधमुक्तीला, सुतक फिटण्याच्या विधीला, तो फोटो हार घालून ठेवला गेला. दोन महिन्यांनी भूषणचा पुन्हा फोन आला. अरशदनं तो स्पीकरवर लावून, मेजावर ठेवून ऐकला, म्हणून मलाही ऐकू आलं. नूतन त्या फोटोला पप्पा म्हणेना. "ह्या त भूषण काकाना दात शेत," म्हणे. रत्ना त्या भिंतीकडं बघेनाशी झाली होती. आणि भूषण स्वतः, त्या घरात गेला आणि चुकून हसू आलं, की तोंडावर हात ठेवत होता.

"भाऊ, तू काय केलं रे?" भूषणनं विचारलं. आवाज चढलेला नव्हता, त्यानंच अरशद जास्त घाबरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अरशद मोटारसायकलवर धरणगावपुढच्या त्या खेड्याकडं निघाला. खिशात मी होतो, पिशवीत अर्ध्या चेहऱ्याचा फोटो, जसा माझ्यात होता तसाच. घरात रत्ना कापूस निवडत बसली होती. अरशदनं उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. लेन्स, स्वस्त कार्ड, जोडलेलं तोंड. सांगताना त्यानं मला खिशातून काढून पुढं धरलं. "वहिनी, माझी चूक झाली. मला माफ करू नका वाटलं तर, पण तो फोटो भिंतीवरून काढा."

रत्नानं जोडलेला फोटो स्वतः उतरवला. अर्धा फोटो हातात घेतला, राखाडी भाग तळव्यानं झाकला आणि डोळे बघितले. पदराच्या टोकानं तिनं फोटोवरचा घामाचा ठसा पुसला. मग तिची नजर अरशदच्या हातातल्या माझ्यावर गेली.

"मंग बाकीनं याम्हा शे का?"

"नाही वहिनी. यात गेलंच नाही ते."

"माले दे."

तिनं मला कुंकवाच्या डबीत ठेवलं. डबी आता तिच्या कामाची राहिली नव्हती. देव्हाऱ्यात मागच्या बाजूला तिची जागा. अधूनमधून रत्ना ती उघडते, मला तळहातावर घेते आणि नुसती बघते. तिच्या हाताला कापसाची बारीक काडी लागलेली असते. मला वाटायचं, तिनं अरशदवर विश्वास ठेवलेला नाही. तिला वाटतं प्रेमराजचं हसू माझ्यात अडकलंय, आणि एक दिवस निघेल. त्या नजरेखाली मला नकोसं व्हायचं.

यंदा पुन्हा कानबाई आली. रोटांसाठी, म्हणजे देवीच्या नैवेद्यासाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावे सव्वा मूठ गहू घेतात. सासूबाई कमलबाई नावं घेत होत्या, रत्ना मुठी टाकत होती. एका नावाशी दोघी थांबल्या आणि मग पुढचं नाव आलं. देव्हाऱ्यातून मी ऐकलं.

तेवढ्यात भूषण आला. "वहिनी, धुयामा एक जण शे. कार्डमाधला गयेल फोटो परत काढी देस. माले द्या, उद्या लई जास."

डबी उघडली. उजेड आत आला. आता मला नेतील, यंत्रात घालतील आणि तिची शेवटची आशाही माझ्यामुळंच जाईल, असं मला वाटलं.

"ऱ्हाऊ द्या भाऊ," रत्ना म्हणाली. "त्याम्हा काहीच नही, माले मालूम शे. पन नूतनना पप्पा हासनात ना, तवय हाई कार्ड तठे व्हतं."

भूषणनं पुढं केलेला हात मागे घेतला. तिनं डबी मिटली.

तुम्ही त्या गावाकडं कधी गेलात, तर हात जोडून सांगतो, तिच्याकडे मला मागू नका. माझ्या पट्ट्यांना कुंकू लागलंय, आता कुठलाही कॅमेरा मला ओळखायचा नाही, आणि ते बरंच आहे. माझ्या आत दोन डोळे आहेत, त्यांच्याखाली राखाडी. अंधारात मी पुन्हापुन्हा त्या राखाडीत शोधत बसतो, काही नाही हे माहीत असून. त्या सकाळी ते हसू माझ्या दारापर्यंत आलं होतं. मला जागा नव्हती, आणि मी त्याला म्हणालो, या.