किल्लीवरचं रक्त

रांग जिन्यापर्यंत आली होती. प्रत्येकाच्या एका हातात काळवंडलेलं तांब्याचं भांडं, दुसऱ्या हातात घराची किल्ली. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या रिकाम्या गाळ्यात पाणीवाले बाबा काचेच्या मोठ्या हंडीमागे बसले होते. भांडं हंडीत बुडवून काढलं की लखलखायचं, लोक हात जोडायचे. मग किल्ली आत जायची. कुणाची जशीच्या तशी बाहेर यायची, कुणाची लाल.

"लाल म्हणजे घरात मृत्यू येऊन बसलाय," बाबा भाजीचा भाव सांगावा तसं सांगत.

एक गोष्ट मला तिथेच खटकायला हवी होती. नव्या स्टीलच्या किल्ल्या सुखरूप परतत होत्या. मृत्यू फक्त लोखंडी किल्ल्यांच्या घरांत शिरत होता. पण मी पडलो विज्ञानाचा पदवीधर. पदवी कपाटात आणि मी रांगेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. खडा नळीत अडकला होता, आता थांबणं धोक्याचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती आधीच भेदरलेली. आमची लोखंडी किल्ली लाल होऊन निघाली, तसा माझ्या हातातला तिचा हात गार पडला.

"ताई, शरीराला शस्त्र लागलं तर टेबलावरून उठणार नाही तुम्ही," बाबा म्हणाले. "ऑपरेशन राहू द्या. हेच पाणी सात दिवस उपाशीपोटी घ्या. खड्याची काय बिशाद."

घरी येऊन तिने बाबांनी भरून दिलेली बाटली टेबलावर ठेवली आणि तिच्यासमोर बसून राहिली.

"मी उद्या जाणार नाही."

"अगं, डॉक्टर म्हणालेत ना..."

"डॉक्टरांनी किल्ली पाहिली का?"

मलाही आतून वाटत होतं, न जाणो. 'न जाणो' हे सुशिक्षितांचं खास दैवत. त्याला देऊळ लागत नाही.

आमच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशी ओट्याशी होत्या. त्यांनी हात पुसले, बाटली उजेडात धरली. पाणी हिरवट-निळं. टोपण काढून हुंगलं.

"वहिनी, हे लिंबू-मीठ आहे. तेही शिळं. पोटात घेऊ नका, आतडी पिळवटून निघतील."

"पण किल्ली लाल झाली, मावशी."

"होणारच. माझं लोखंडी उलथणं असल्या पाण्यात पडून लाल झालं होतं. तेव्हापासून आमच्याकडे उंदीरसुद्धा मेला नाही."

बायको हसली नाही. मग मावशींनी वाटीत ताजं लिंबू पिळलं, मीठ टाकलं आणि एक लोखंडी खिळा बुडवला. दहा मिनिटं झाली. खिळा होता तसाच. दुसरा खिळा बाटलीतल्या पाण्यात टाकला, तो लाल. मग ताज्या पाण्यानेच त्यांनी आमचे चार काळे तांबे घासले, पाणी परत वाटीत निथळवलं आणि पहिला खिळा पुन्हा त्यात सोडला. अर्ध्या तासाने त्याच्यावरही लाली चढली.

"भांड्यावरचं काळं जातं कुठे, साहेब? पाण्यातच ना?"

तेव्हा कुठे माझी पदवी कपाटातून खोकली. लिंबाच्या आम्लात भांड्याची पुटं विरघळतात, त्यांतलं तांबं पाण्यात उतरतं आणि लोखंड दिसलं की त्याच्यावर पातळ लाल थर होऊन बसतं. स्टीलवर ते धरत नाही. बाबांची हंडी भरत होती ती आमच्याच भांड्यांनी.

मावशी खाली गेल्या, मागोमाग आम्ही दोघं. बाबांच्या मोटारसायकलच्या पिशवीतला लोखंडी पाना त्यांनी रांगेदेखत हंडीत सोडला. थोड्या वेळाने तो लाल निघाला.

"बाबा, तुमच्याकडे कोण आजारी आहे?"

बाबांना अचानक दुसऱ्या गावची निकड आठवली.

सकाळी दवाखान्यात स्ट्रेचरवरून बायकोने माझं बोट घट्ट धरलं.

"भीती गेली?" मी विचारलं.

"नाही. पण आता ही ऑपरेशनचीच आहे. किल्लीची नाही."

खडा निघाला. आणखी चार दिवस थांबला असता तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी सांगितलं. ते इथे लिहायला माझा हात धजत नाही.

घाबरावं, त्यात लाज नाही. पण घाबरलेल्या माणसाने कुणाचं पाणी पिण्याआधी एवढं विचारावं: यात काय आहे, आणि हेच मी माझ्या हातांनी केलं तर काय होतं? ज्याला हा प्रश्न सोसत नाही, त्याच्या दारात आजारी माणसाला नेऊ नये.