आठ जणांची विश्रांती

सरांनी खिशातून रुमाल काढून मुलीपुढे धरला. मग तो सकाळपासूनचा वापरलेला आहे हे लक्षात आलं तसा घाईघाईने परत खिशात कोंबला आणि टेबलावरचा कागदी रुमालांचा खोका पुढे सरकवला. मुलगी एकामागून एक कागद उपसत राहिली.

"हे बघ, हे काही नापास होणं नाही," सर म्हणाले. "उलट तुला सहा महिने जास्तीचे मिळतायत. नीट तयारी कर आणि पुढच्या वेळी ताठ मानेने बस. कोणी मागे लागलंय का तुझ्या?"

"घरी काय सांगू, सर?"

"सांग, सरांनीच सांगितलं म्हणून."

हे वाक्य सरांनी शेवटासाठी राखून ठेवलेलं असे. ते ऐकलं की पोरं गप्प होत. सरांनीच सांगितलं म्हटल्यावर वाद कुणाशी घालायचा? मुलीनेही मान हलवली, दप्तर उचललं, आणि जाताना "थँक्यू सर" म्हणाली. ह्या थँक्यूचा सरांना दरवर्षी त्रास व्हायचा. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुपारपासूनचं हे सातवं. घशाला कोरड पडली होती, आणि आपण बोलतोय ते आपल्यालाच पाठ केल्यासारखं ऐकू येत होतं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. काचेपलीकडच्या प्रयोगशाळेत शिपाईमामा मोजपात्रं धुऊन पालथी घालत होते. दाराबाहेर बाकड्यावर कुणीतरी हलक्या आवाजात बोलत होतं. एकमेकांचं सांत्वन करत असतील, सरांना वाटलं. करू देत बिचारी.

कॉलेज औषधनिर्माणशास्त्राचं. दोन वर्षं शिकायचं आणि मग सरकारी परवाना परीक्षा द्यायची. त्या परवान्याशिवाय काउंटरपलीकडच्या माणसाच्या हातात साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा ठेवता येत नाही. परीक्षेचा निकाल लागला की कुठल्या कॉलेजची किती मुलं पहिल्या खेपेला पास झाली, ते टक्के जाहीर होत. टक्के घसरले की जागा कापत, आणि जागा कापल्या की मास्तर कापत. त्यावर प्राचार्यांनी काही वर्षांपूर्वी एक युक्ती काढली होती. शेवटच्या सराव परीक्षेत तळाला येतील त्या आठ जणांना पहिल्या खेपेला बसूच द्यायचं नाही. जो बसलाच नाही तो नापास होणार कसा? सक्ती अर्थातच नाही, सक्ती नियमात बसत नव्हती. फक्त समजवायचं. कॉलेजात ह्याला 'विश्रांती' म्हणत. अमक्याला विश्रांती मिळाली, तमकी विश्रांतीतून थोडक्यात वाचली.

समजवायचं काम सरांच्या गळ्यात पडलं, कारण त्यांचा आवाज मऊ होता आणि चेहरा असा की माणसाला नाही म्हणायची लाज वाटावी. एके काळी मात्रेची गणितं शिकवणारे म्हणून त्यांचं नाव होतं. आता मुलं त्यांना पाठीमागे 'विश्रांती सर' म्हणत. सरांना ते माहीत होतं. पहिल्या वर्षी झोंबलं, नंतर अंगवळणी पडलं.

यंदाचं आठवं नाव मात्र पचनी पडत नव्हतं. म्हणून तर त्यांनी ते सगळ्यांत शेवटी ठेवलं होतं.

"या," त्यांनी दाराकडे बघून हाक मारली.

वहिनी आत आल्या. वहिनी म्हणजे सरांच्या मोठ्या भावाची बायको. सर शिकत होते तेव्हा ह्याच वहिनींच्या घरी राहायचे. जेवणात मीठ कमी पडलं की ताट पुढे सरकवून बिनदिक्कत सांगायचे, आणि वहिनी हसून मिठाची बाटली आणायच्या. भाऊ अचानक गेला. त्याच्या आजारपणात होतं नव्हतं ते सगळं संपलं आणि वहिनी सरांकडे राहायला आल्या. वर्षभर त्या मागच्या खोलीत मुक्यासारख्या वावरत होत्या. मग सरांनीच त्यांना ह्या कॉलेजात घातलं, फी भरली, आणि चारचौघांत सांगितलंही, की आमच्या वहिनी ह्या वयात शिकतायत. पहिल्याच आठवड्यात हजेरी घेताना त्यांच्या तोंडून सवयीने "वहिनी" निघून गेलं आणि वर्ग खो-खो हसला. तेव्हापासून वीस वर्षांच्या पोरांपासून ग्रंथपालापर्यंत सगळेच त्यांना वहिनी म्हणू लागले.

"बसा."

वहिनी बसल्या. खोक्याकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि तो उचलून बाजूच्या कपाटावर ठेवला.

"हा नाही लागायचा," त्या म्हणाल्या. "बोला, सर."

कॉलेजात त्या कटाक्षाने सर म्हणत. सरांनी घसा साफ केला.

"हे बघा, हे काही नापास होणं नाही. उलट तुम्हाला..."

"सहा महिने जास्तीचे मिळतायत."

सरांनी वर पाहिलं.

"बाहेर सगळं ऐकू येतं," वहिनी म्हणाल्या. "दाराला खाली एवढी फट आहे. दुपारपासून बसलेय मी तिथे. मला आधी बोलवलं असतंत तर एकदाच ऐकावं लागलं असतं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सरांना सोपं गेलं असतं. त्यांनी पाठ केलेलं सोडून दिलं आणि खरं होतं ते सांगितलं.

"वहिनी, सराव परीक्षेत तुमची गणितं जवळजवळ सगळी चुकलीत. आत्ता बसलात तर तुम्ही पास होणार नाही."

"मलाही तसंच वाटतं."

"मग झालं तर!"

"काय झालं? दवाखान्याच्या औषधखिडकीवर जागा आहे. मी बोलून आलेय. परीक्षेला बसलेल्याला ते निकाल लागेपर्यंत हाताखाली घेतात. बसलेच नाही तर उभंसुद्धा करणार नाहीत. आणि निकालात पडले, तर पुन्हा बसेपर्यंत कपाटं लावायला का होईना, ठेवतो म्हणालेत."

सरांना हे नवीन होतं. एका घरात राहून, एका टेबलावर जेवून, त्यांना ह्यातलं काही माहीत नव्हतं.

"मला बोलला नाहीत."

"आता बोलतेय ना."

"पण नोकरीची एवढी घाई कशाला? घरात काही कमी आहे का? ही काही बोलली का तुम्हाला?"

"छे हो. तिचं नाव कशाला मधे? ती बिचारी पानावर आधी मला वाढते." वहिनींनी साडीचा पदर उगाच सारखा केला. "नापास व्हायचं तर मी होईन की, भाऊजी. तुम्ही मला आधीच कशाला करून ठेवता?"

सर वहिनींचं 'भाऊजी' ऐकून चमकले. कॉलेजच्या आवारात ते आज पहिल्यांदा आलं होतं. त्यांना एकदम फार थकल्यासारखं झालं. समोर कोणी परकं असतं तर आणखी अर्धा तास गोड बोलता आलं असतं. त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"कॉलेजच्या जागा कापल्या तर पहिला नंबर माझा आहे. मग घर कसं चालायचं? त्या घरात तुम्हीही आहात."

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. वहिनी मात्र शांत होत्या.

"म्हणून तर म्हणते, मला कमवायला लागू द्या."

"एक तुम्ही बसलात तर फारसं बिघडणार नाही म्हणा," सर स्वतःशीच हिशेब करत म्हणाले. "सात जण थांबलेत. प्राचार्यांना मी सांगेन काहीतरी."

वहिनी खाली बघायला लागल्या. वर्गात उत्तर माहीत असूनही हात वर न करणाऱ्या मुलीसारखा त्यांचा चेहरा झाला.

"काय?" सरांनी विचारलं.

"थांबले नाहीत ते."

"म्हणजे?"

"मला बाहेर बसवलंत ना दुपारभर. एकेक जण रडत बाहेर येई आणि माझ्या शेजारी बसे. मी काय करणार? विचारलं, 'तुला बसायचंय का?' म्हणे, 'हो.' मग म्हटलं, 'अर्जाची आज शेवटची तारीख आहे, बस आणि भर.' तिथेच मोबाइलवर भरले सगळ्यांनी. आत्ता गेली ना ती, तिचाही झाला. तिची बोटं थरथरत होती म्हणून मी दाबलं शेवटचं बटण." त्यांनी क्षणभर विचार केला. "तुमच्याविषयी कोणी वाईट बोललं नाही हं. सगळे म्हणाले, सर किती प्रेमाने सांगतात."

सरांना हसू आलं. सबंध दुपार त्यांनी जीव ओतून सात जणांना थांबवलं होतं, आणि दारापासून चार पावलांवर त्यांच्याच घरातलं माणूस त्या सातांना पुन्हा मार्गी लावत होतं. त्यांना राग यायला हवा होता. तो यावा म्हणून ते जरा वेळ थांबलेही. पण वाटली ती सुटका, आणि तिच्यामागून भीती.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. प्राचार्यच होते. सरांनी उचलला.

"झाले का आठही?" प्राचार्यांचा आवाज घरी निघालेल्या माणसाचा होता.

सरांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी नजर वळवून प्रयोगशाळेकडे बघायला सुरुवात केली. काय सांगायचं ते त्यांनी सरांवर सोडलं होतं.

"झाले," सर म्हणाले. "आठही जण बसतायत."



"बसतायत म्हणजे काय? तुम्ही काय सांगितलंत त्यांना?"

"नेहमीचंच. पण त्यांना बसायचंय. अर्ज गेलेत."

"तुमच्या वहिनीपण?"

"त्यापण."

"उद्या सकाळी केबिनमध्ये या," प्राचार्य म्हणाले आणि फोन ठेवला.

सरांनी रिसीव्हर जागेवर ठेवला, पण हात काही वेळ त्याच्यावरच राहिला. उद्या सकाळी काय होणार हे त्यांना साधारण दिसत होतं. ओरडा नाही व्हायचा. प्राचार्य चहा मागवतील, काळजीच्या सुरात बोलतील, प्रकृतीची चौकशी करतील आणि थोडी विश्रांती घ्या म्हणतील. त्यांनी वेळ बघितली. बस चुकली होती. शिपाईमामांनी प्रयोगशाळेतले दिवे मालवले आणि काच काळी पडली.

"निघू या?" वहिनींनी विचारलं.

"परीक्षेला किती दिवस आहेत?"

"तुम्हाला माहीत नाही?"

माहीत होतं. विचारायचं वेगळंच होतं. सरांनी खण उघडून कोरे कागद काढले, पेन्सिल शोधली आणि खुर्ची टेबलाच्या कोपऱ्याकडे ओढली, म्हणजे वहिनींना कागद उलटा दिसणार नाही.

"चौदा किलोचं मूल आहे," ते म्हणाले. "किलोमागे दहा मिलिग्रॅम औषध द्यायचं. बाटलीत पाच मिलिलिटरला शंभर मिलिग्रॅम. आता आधी एकूण मात्रा, ती एकशेचाळीस. मग शंभराला पाच तर एकशेचाळीसला किती, म्हणून सात मिलिलिटर. आलं लक्षात?"

"हो."

"करून दाखवा."

वहिनींनी पेन्सिल घेतली. चौदा लिहिलं, दहा लिहिलं, आणि पेन्सिल तिथेच थांबली. सर वाट बघत राहिले. वर्गात एवढा वेळ ते कधी थांबलेले नव्हते. कुणीतरी हुशार पोरगं आधीच उत्तर सांगून मोकळं व्हायचं आणि सर फळा पुसून पुढच्या गणिताला लागायचे.

"आत्ता तर हो म्हणालात."

"म्हणाले."

"वहिनी, नेमकं अडतं कुठे तुमचं? स्पष्ट सांगा. नाहीतर मी तरी काय करू?"

वहिनींनी पेन्सिल कागदावर आडवी ठेवली. बोलावं की नको, हे त्यांच्या चेहऱ्यावर बराच वेळ चाललं होतं.

"तुम्ही फार भरभर शिकवता, भाऊजी," त्या म्हणाल्या. "मलाच नाही, आम्हा आठही जणांना तसंच वाटतं. पहिली ओळ कळेपर्यंत तुमचं गणित संपलेलं असतं."

 इतक्या वर्षांत तळाला राहिलेले सगळे चेहरे सरांनी मंद म्हणून बाजूला ठेवले होते. ते आता एकदम आठवायचा प्रयत्न केला तर एकही धड आठवेना.

"दोन वर्षं झाली," ते शेवटी म्हणाले. "सकाळ-संध्याकाळ समोर असता. एकदाही म्हणाला नाहीत?"

"तुमच्या घरात राहते ना," वहिनी म्हणाल्या.

सरांनी कागद स्वतःकडे ओढला. वर लिहिलेलं सगळं खोडलं, आणि खाली, एकेक अक्षर सुटं काढत, मुलाचं वजन पुन्हा लिहिलं.