भगवानरावांनी मला दिलेले दहा गुण

मी स्टीलचा गंज बोलतोय. तुम्ही मला पातेलं म्हणत असाल, पण आमच्या आदिलाबादकडच्या मराठी घरांत गंजच म्हणतात. नावावरून हसू नका. लोखंडाला लागतो तो गंज मला आजवर लागलेला नाही. माझ्यात तीस माणसांची भाजी मावते आणि बूड अजून सपाट आहे. आणि आमच्या भैंसा गावच्या टीव्हीवर गाजलेल्या एका फैसल्याचा मी साक्षीदार आहे. साक्षीदार कसला, थोडा गुन्हेगारच.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. माझी आठवण सुरू होते ती भैंशाच्या बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात, एकोणीसशे चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात. कापसाचे आडते भगवानराव दुकानात आले, मला उचललं, बोटाने टिचकी मारली आणि म्हणाले, "जाड हाय. याच्यावर नाव टाका." दुकानदाराने यंत्र लावून माझ्या काठाखाली कोरलं: 'चि. सौ. कां. पंचफुला हिस भगवानराव यांजकडून सप्रेम भेट.' यंत्र चालताना अंगावर शहारे आले. मग सवय झाली.

भांड्यावर नाव घालण्याची माणसांची हौस मला कधी पुरती कळली नाही. देणारा लक्षात राहावा आणि शेजारी गेलेलं भांडं परत यावं, असं म्हणतात. पण चार दिवस झाले की घरातलं कुणी ते नाव वाचत नाही. ते भांड्याचाच भाग होऊन जातं.

पंचफुला ही भगवानरावांचे स्नेही अमृतराव यांची मुलगी. अमृतराव म्हणजे भैंशाचे नामांकित आचारी. लग्न ठरलं की मुहूर्ताच्या आधी लोक त्यांची तारीख घ्यायचे. पंचफुलाचं सासर गावातच, दोन गल्ल्या पलीकडे. त्यामुळे लग्नाचा हंगाम आला की अमृतराव लेकीच्या घरून मला वाढपासाठी उसना न्यायचे. अशी किती लग्नं मी पाहिली त्याला गणती नाही. भटजींनीही इतकी पाहिली नसतील.

पाहुण्यांना न दिसणारी एक गोष्ट मला मात्र दिसायची. भाव ठरवणं, वांगी निवडून घेणं, लाकडं मागवणं, पंगतीत फिरून "काय कमी-जास्त?" विचारणं, हे सगळं अमृतराव करायचे आणि चोख करायचे. पण कढईत फोडणी पडायची तेव्हा ते वधूपित्याशेजारी पान लावत बसलेले असायचे. चुलीपाशी असायची बयनाबाई. ती आधी पोळ्या लाटायला आली होती. एकदा कुणी आजारी पडलं म्हणून तिने वांग्याची भाजी केली, आणि तेव्हापासून ती भाजी तिच्याकडेच राहिली. जवस भाजून, वाटून ती भाजीला लावायची. किती ते तिचा हातच जाणे. लोक बोटं चाटत म्हणायचे, "अमृतरावचा हात!" बयनाबाई ते ऐकायची आणि पुढच्या कढईकडे वळायची. चुलीकडे कोण पाहुणा येतो?

हे असं बारा वर्षं चाललं, त्यातली पहिली दोन माझ्या आधीची. ती कुरकुरली नाही, असं मी म्हणणार नाही. कुरकुरायची, पण माझ्यासारख्या भांड्यांपाशी.

चौऱ्याण्णव साली गावात केबल आलेलं होतं. सुधाकरराव केबल चालवायचे आणि लग्नाचं शूटिंगही करायचे. त्यांच्या मनात आलं की आचाऱ्यांची स्पर्धा घ्यावी आणि आपल्या केबलवर दाखवावी. पदार्थ एकच, वांग्याची भाजी. कापडाचे व्यापारी नागनाथशेट यांनी जाहीर केलं की जो जिंकेल तोच त्यांच्या मुलीच्या लग्नाचा स्वयंपाक करेल. पाच हजार पानांचं लग्न! असं लग्न ज्याच्या नावावर लागलं, त्याला पुढे दहा वर्षं कुणाच्या दारी जावं लागणार नव्हतं.

तिघांनी नावं दिली. एक अमृतराव, दुसरा गुडीहत्नूरच्या हायवेवरच्या ढाब्याचा आचारी, आणि तिसरी बयनाबाई. तिचं नाव ऐकून अमृतराव हसले.

"बयना, तू काऊन नाव देल्लं? आपण तं एकच हाव."

"एकच हाव तं भाऊ, तुमीच नका देऊ नाव," बयनाबाई म्हणाली.

अमृतरावांनी नाव मागे घेतलं नाही.

सुधाकररावांनी निवाड्यात खोट राहू नये म्हणून खूप काळजी घेतली, हे मला मान्यच आहे. भाज्या पडद्यामागे शिजल्या. त्या एकाच मापाच्या तीन भांड्यांत काढायच्या होत्या, म्हणून त्यांनी गल्लीतून तीन सारखे गंज जमवले. त्यांत पंचफुलाच्या घरचा मी होतो. कोणती भाजी कोणत्या गंजात जाईल ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. कणकेच्या खळीने आमच्या पोटावर आकडे चिकटवले. कोणत्या आकड्यात कोणाची भाजी, हे पडद्यामागच्या पोराने कागदावर लिहून पाकिटात बंद केलं आणि ते बंद पाकीट शाळेतल्या विमलबाईंकडे ठेवायला दिलं. सगळ्याचा विचार झाला. गंजांवर नावं कोरलेली आहेत, हे मात्र एकाच्याही ध्यानात आलं नाही. आपल्या माणसांना भांड्यावरचं नाव दिसतच नाही, त्याला कोण काय करणार?

माझ्या पोटावर दोनचा आकडा होता आणि माझ्यात बयनाबाईची भाजी होती.

परीक्षक तिघे: विमलबाई, तहसील कचेरीतले एक तेलुगू साहेब, आणि भगवानराव. होय, तेच भगवानराव. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात मांडव होता. कॅमेऱ्याचा दिवा इतका प्रखर की तर्री पुन्हा उकळते की काय असं वाटलं. साहेबांनी चव घेतली, "अच्छा है, थोडा तीखा है," म्हणाले आणि सात गुण दिले. विमलबाईंनी आठ दिले. मग भगवानराव वाकले. रंग पाहायला म्हणून त्यांनी चष्मा लावला आणि त्यांची नजर माझ्या काठाखाली थांबली. स्वतःचं नाव माणूस चष्म्याशिवायही वाचतो, इथे तर चष्मा होता. ते मिशीत हसले. अर्धा घास खाल्ला न खाल्ला, आणि कॅमेऱ्याकडे पाहून म्हणाले, "हा हात वळखू येते. दहा!" बाकीच्या दोन गंजांना त्यांनी पाच-पाच दिले.

माझ्या आयुष्यात मला कुणी दहा गुण दिले ते तेवढेच. पण मला आनंद झाला नाही. ते कोणाला दिलेत, हे मला कळलं होतं.

बेरीज झाली. दोन नंबर पंचवीस, तीन नंबर एकवीस, एक नंबर अठरा. विमलबाईंनी पाकीट फोडलं आणि वाचलं, "दोन नंबर, बयनाबाई."

भगवानराव खुर्चीतून उठले. "असं कसं? हे तं अमृतरावच्या लेकीच्या घरचं भांडं हाय! हे पाहा, याच्यावर माहं नाव हाय. म्याच देल्लं व्हतं!"

सगळा मांडव हसत सुटला. भगवानरावांना आपण काय बोलून गेलो ते हळूहळू कळलं. कॅमेरा चालूच होता.

पण हसून भागणार नव्हतं. अमृतरावांकडचे लोक म्हणाले, "भगवानरावचे मार्कच काढून टाका. बाकी दोघायच्या मार्कात तीन नंबर अमृतराव सोळा, बयनाबाई पंधरा." त्यांचं चुकत नव्हतं. मी तटस्थपणे सांगतो, हिशोब बरोबरच होता. चुकीने मिळालेलं बक्षीस चूक काढल्यावर जाणारच. नागनाथशेट बयनाबाईकडे पाहायचं टाळू लागले. तिचा चेहरा उतरला. बारा वर्षांत पहिल्यांदा तिचं नाव मोठ्याने वाचलं गेलं होतं, आणि ते एका मिनिटात पुसलं जायच्या बेतात होतं.

ती पुढे आली. डोक्यावरचा पदर नीट केला.

"यायचे मार्क काढू नका," ती म्हणाली. "यायले पुन्ना खाऊ घाला. डोये बांधून. अन् भांड्यात नोको, द्रोणात द्या."

मला वाटलं, ही बाई हातचं घालवते आहे. डोळे बांधून भगवानरावांनी तिला चार दिले तर? पण तिला ते दहा नको होते, हे तिच्या आवाजावरून कळत होतं.

भगवानरावांनीच आपली दस्ती, म्हणजे हातरुमाल, काढून डोळ्यांवर बांधून घेतली. तेवढी लाज त्यांना होती. पळसाचे तीन द्रोण आले. आम्ही तिन्ही गंज बाजूला नळापाशी पडलो होतो. तिथून मला सगळं दिसत होतं.

या वेळी ते सावकाश खात होते. पहिला द्रोण झाला. "सहा." दुसरा द्रोण झाला. "चांगली हाय. सात." तिसऱ्या द्रोणातला घास त्यांनी तोंडात घोळवला, परत एक घेतला, आणखी एक घेतला. मग डोळे बांधलेलेच ठेवून म्हणाले, "नऊ. अन् हा अमृतराव हाय, पैजेवर सांगतो. पंचफुलाच्या लग्नात हेच खाल्लं व्हतं म्या. जवसाची चव हाय याले."

विमलबाई म्हणाल्या, "तिसरा द्रोण बयनाबाईंचा. चोवीस. अमृतराव तेवीस."

भगवानरावांनी दस्ती ओढून काढली. "मी काय गधा हाव? बारा साल ही भाजी खाऊन राह्यलो!"

आता सगळे अमृतरावांकडे पाहू लागले. ते गप्प बसले असते तरी चाललं असतं. जिभेची चूक म्हणून विषय मिटला असता. पण ते उठले.

"भगवानराव, तुमची जीभ बराबर हाय," ते म्हणाले. "माह्या हातची म्हणून तुमी जी वांगी खाल्ली, ती बयनानंच केली. पंचफुलाच्या लग्नातबी तिनंच."

टाळ्या पडल्या. बयनाबाईने वाजवल्या नाहीत. ती त्यांच्याकडे पाहत राहिली.

"मंग भाऊ, हे बारा साल काऊन बोलले नाई?"

अमृतरावांनी तांब्या उचलला आणि ते घटाघटा पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे सगळं केबलवर दिसलं. भगवानरावांनी "तेवढं कापून टाका" असा निरोप पाठवला होता. सुधाकररावांनी काही कापलं नाही. भैंशात त्या वेळी रस्त्यावर माणूस नव्हता म्हणतात.

लोक अजून वाद घालतात. काही म्हणतात, भगवानरावांनी पहिले दहा नाव वाचून दिले. काही म्हणतात, जीभच बोलली, नाव निमित्त. मी त्यांच्या हातभर अंतरावर होतो, आणि मलाही सांगता येत नाही. माणूस एकाच घासात खोटा आणि खरा दोन्ही असू शकतो, एवढं मात्र मी पाहिलं.

वैशाखात नागनाथशेटच्या मुलीचं लग्न झालं. चुली बयनाबाईच्या. अमृतराव पाहुणे म्हणून आले आणि मांडवाच्या दारात खुर्ची टाकून बसले. जेवून निघालेला जो तो जुन्या सवयीने त्यांना म्हणायचा, "अमृतराव, भाजी झकास!" ते दर वेळी हात लांब करून चुलीकडे दाखवायचे. "तिकडं सांगा." पंगतीमागून पंगत उठली, हात दुखला असेल, तरी दाखवत राहिले. बयनाबाईला तिच्या प्रश्नाचं एवढंच उत्तर मिळालं. तिने ते लांबून पाहिलं आणि कढईत पळी फिरवली.

आता नव्याण्णव साल आहे. मी पंचफुलाच्या घरीच आहे. एका बाजूने चेपलोय, माझ्यात आता डाळ भिजवतात. लग्नाला मला कुणी नेत नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही.

निरोप घेण्याआधी एकच मागणं आहे. कुठल्या पंगतीत भाजी आवडली तर हात सुकायच्या आत चुलीकडे जा. कोणाच्या हातची, ते दारात उभ्या असलेल्या माणसाला विचारू नका. जिच्या हातात पळी आहे तिला विचारा. ती आधी पदराने घाम पुसेल, इकडेतिकडे बघेल. घाई करू नका, तिला आपलं नाव सांगायची सवय नसते.