बटण दोनला दाबायचं

टेबलावर दोन कॅमेरे होते, फिल्मचे पाच रोल, एक जादा लेन्स आणि लेन्स पुसायचं एक फडकं. फडक्याची घडी अजून मोडलेली नव्हती. दोन कॅमेऱ्यांपैकी जो जड, ज्याच्या कडांचा काळा रंग उडून पितळ दिसतं, तो मी. मित्रांनो, मी फिल्मचा जुना कॅमेरा आहे आणि मला फार राग आलेला आहे.

मला बनवलं तेव्हा माझा पडदा, म्हणजे शटर, एका कारागीर बाईंनी डोळ्याला भिंग लावून बसवला. बटण दाबलं की तो तिथल्या तिथे उघडतो, विचार करत बसत नाही. स्टुडिओच्या मालकिणीने मला याच गुणासाठी निवडलं. तिची भाची तिच्याकडेच वाढली, त्यामुळे सगळा रस्ता मालकिणीला मावशीच म्हणतो.

मावशीचं खरं काम मोठ्या गटांचे फोटो. ती मोठ्याने एक, दोन, तीन म्हणते आणि बटण दोनला दाबते. तीनची वाट बघणारी माणसं नेमकी तीनला डोळे मिटतात. तिचं बोट आणि माझा पडदा, दोघांत केसाएवढीही फट नव्हती. लोक म्हणायचे, मावशीच्या फोटोत कोणी झोपत नाही. तेव्हा ती दर रविवारी मला मांडीवर घेऊन पुसायची.

मग नर्सिंग कॉलेजच्या मेट्रनबाई आल्या. वर्षभराचं सगळ्यात मोठं काम त्यांच्याकडून यायचं.

"बाई, फोटो आज काढणार आणि बघायला पुढच्या आठवड्यात मिळणार? तोवर माझ्या निम्म्या मुली कामावर रुजू होतात. पलीकडचा स्टुडिओ त्याच दिवशी देतो."

"पलीकडच्याच्या फोटोत मुली ओळखू येतात का, तेही विचारा," मावशी म्हणाली.

"ते मी बघेन. तुम्ही तुमचं ठरवा. नाहीतर यंदा मी त्यांना बोलावते."

हे काम गेलं तर स्टुडिओ चालणार नव्हता. भाचीने मैत्रिणीचा डिजिटल कॅमेरा मागून आणला. साबणाच्या वडीएवढा तो जीव, आणि ठेवला कुठे, तर माझ्या शेजारी.

कॉलेजच्या पायऱ्यांवर एक्केचाळीस मुली उभ्या राहिल्या. आधी मी. एक, दोन, खट्. मग मावशीने ती वडी हातात घेतली. एक, दोन, बटण, तीन. भाचीने लगेच मागच्या स्क्रीनवर चित्र मोठं करून एकेक चेहरा तपासला. सतरा मुलींचे डोळे मिटलेले.

"हा फोटो काढतो की अंगाई म्हणतो?" मावशी म्हणाली. मुली हसल्या. माझा आनंद पोटात मावेना.

पण भाची विज्ञान शिकलेली. तिला गप्प बसवत नाही. "मावशी, तू दोनला दाबतेस ना? याला दाबल्यावर जागं व्हायला वेळ लागतो. हा तीनला काढतोय. एकला दाबून बघ."

"एकला कोणी दाबतं का गं? एकला अर्ध्याजणी ओढणी सारखी करत असतात."

"चित्र दोनलाच निघेल. तुझं दोन तुझ्याकडेच राहील."

मावशी माझ्याकडे न बघता म्हणाली, "बरं." आणि एकला दाबलं. भाचीने पुन्हा चेहरे तपासले. डोळे सगळे उघडे.

मला चीड त्या वडीची नाही. ती बिचारी उशिरा उठते, त्यात तिचा काय दोष? चीड याची आहे की तिच्या आळसाला सांभाळून घ्यायला मावशीने एका मिनिटात आपली मोजणी बदलली, आणि माझ्यासाठी तीन वर्षांत तिला एक दुपार निघाली नाही. माझ्या मागच्या झाकणाच्या खाचेत काळा स्पंज असतो, प्रकाश आत शिरू नये म्हणून. तो कुजून डांबरासारखा चिकट झालाय. भाचीने दोनदा दाखवला. "बघू पुढच्या महिन्यात," हे उत्तर मीही दोनदा ऐकलं. बोटभर स्पंज आणि थोडा गोंद, एवढंच काम होतं.

मित्रांनो, नवं घ्यायचं तर खुशाल घ्या. पण जुन्याला नव्याशेजारी उभं करण्याआधी त्याची काच पुसा, संपलेले सेल काढा, कुजलेलं बदला. उपाशी ठेवलेल्याला शर्यतीत पळवायचं आणि वर तो हरला म्हणायचं, याला परीक्षा म्हणत नाहीत.

मेट्रनबाईंना फोटो संध्याकाळी मिळाले. पुढच्या वर्षाचं कामही त्यांनी तिथेच पक्कं केलं.

माझा रोल गुरुवारी धुऊन आला. भाचीने प्रिंट खिडकीशी नेऊन भिंगाखाली तपासली. चेहरे एक्केचाळीस. मिटलेले डोळे एकही नाही. उजव्या कडेच्या चार चेहऱ्यांवरून, झाकणाच्या खाचेतून शिरलेल्या उजेडाचा नारिंगी पट्टा, रुंदी नऊ मिलिमीटर.