किरकोळ दुरुस्ती

"आई, तुझा प्रोग्रॅम आजवर एकदाही चुकला नाही? खरंच?"

लेकीच्या मैत्रिणींनी पैज लावली होती, हिंमत असेल तर विचार! जेवणाच्या टेबलावर शाळेच्या प्रदर्शनासाठी केलेला पुठ्ठ्याचा पूल, गोंदाची बाटली आणि मधोमध मी. मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. बिजागरीला चिकटपट्टी, खोडायचं बटण झिजून गुळगुळीत. तो प्रश्न ऐकला आणि माझा पंखा उगाचच घरघरला.

आई इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापक. मी घरात आलो तेव्हा लेकीचा जन्मही झाला नव्हता, म्हणून बाबा मला 'थोरला' म्हणत. आईने माझ्यावर एक प्रोग्रॅम लिहिला. तुळई ओझ्याखाली किती वाकेल, ते तो सांगे. इतर कॉलेजांनीही तो मागून नेला. "बाईंचं उत्तर म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!" हे ऐकून मी असा फुगायचो की काय सांगू!

मग आईच्या वर्गात ती विद्यार्थिनी आली. सगळी गणितं हाताने वहीत करायची, म्हणून सगळे तिला 'वहीवाली' म्हणत.

"बाई, माझ्या वहीत तुळई जास्त वाकतेय."

"मग वही तपास. मशीन चुकत नाही."

वर्ग खो खो हसला. तिचा प्रकल्प नापास झाला, वर्ष वाया गेलं.

काही महिन्यांनी आईने तिचे आकडे पुन्हा माझ्यात घातले. तुळईला स्वतःचंही वजन असतं. वहीवालीने ते धरलं होतं, आम्ही विसरलो होतो. आईने एक ओळ बदलली आणि बदलांच्या नोंदीत लिहिलं, 'किरकोळ दुरुस्ती'. वहीवालीला मात्र कुणीच काही कळवलं नाही. टाइप आईने केलं होतं, पण खोटं उत्तर माझ्या तोंडून गेलं होतं ना!

पुढे नवा लॅपटॉप आला आणि मी कपाटावर गेलो. खरं सांगू? धूळ बसली त्याचं मला बरंच वाटलं. लाजेवर पांघरूण मिळालं. आज मात्र पुलाच्या हिशेबासाठी लेकीने मला खाली काढलं होतं.

आता आईने मला जवळ ओढलं आणि तीच नोंद उघडून सगळं सांगितलं. टेबलाभोवतीच्या मैत्रिणी माझ्या पडद्यावर वाकल्या. बाबांची इस्त्री हवेतच थांबली.

"चुकले त्याची लाज वाटली, म्हणून गप्प बसले," आई म्हणाली. "मग गप्प बसल्याचीच जास्त वाटायला लागली."

"अगं, दहा-बारा वर्षं झाली त्याला," बाबा हळूच म्हणाले.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, मला जपा. पण माझ्या भरवशावर कुणाची वही मिटू नका, एवढंच मागणं.

लेक खुर्चीवरून ताडकन उठली.

"आई, बाबा, माझं ठरलंय! प्रदर्शनात पुलाशेजारी हाच लॅपटॉप ठेवणार, हेच पान उघडून. 'किरकोळ दुरुस्ती' खोडायची नाही. तिच्याखाली मी लिहिणार, चूक आमची होती, ती बरोबर होती. आणि 'वहीवाली' नाही हं लिहायचं. आई, तिचं नाव सांग. पूर्ण."