खानदानी डोळे

घराण्याची शुद्धता जपणं हे प्रत्येक सुसंस्कृत माणसाचं कर्तव्य आहे, असं निवृत्त निरीक्षकांचं ठाम मत होतं. हे मत कुत्र्यापुरतंच होतं. स्वतःच्या पणजोबांचं नाव त्यांना बहिणीला विचारावं लागे. कुत्र्याची वंशावळ मात्र दिवाणखान्यात चौकटीत होती. तीत एकच आजोबा आईकडूनही होते आणि बापाकडूनही. पाहुण्यांना ते अभिमानाने दोनदा दाखवले जात.

त्या सकाळी शेजारच्या वकीलबाई आपल्या कुत्रीची सोयरीक घेऊन आल्या. बोलणी रंगात आली असताना निरीक्षकांची थोरली बहीण, आक्का, मध्येच म्हणाली, “नवऱ्यामुलाला दिसत नाही.”

आक्काने तीस वर्षं डोळ्यांच्या वॉर्डात परिचारिका म्हणून काढली होती.

“आक्का, पाहुण्यांसमोर तरी...”

“डॉक्टरांनी लिहून दिलंय ना? डोळ्यातला पडदा सुकत चाललाय, आनुवंशिक आहे. ती चिठ्ठी कुठाय?”

“तो डॉक्टर गुरांचा आहे!”

“मग तूही तपासून घे.”

निरीक्षक संतापले. त्यांनी शीळ घातली. कुत्रा आतल्या खोलीतून आला, तिपाईला वळसा घालून थेट त्यांच्या पायाशी बसला. “बघा, हा आंधळा!”

आक्काने कुत्र्याला आत नेलं आणि परत येऊन तिपाई हातभर सरकवली. “आता बोलाव.”

निरीक्षकांची शीळ ओठांतच राहिली. घरातली एकही वस्तू कुणी हलवायची नाही, असा हुकूम आपण वर्षापूर्वी का काढला, हे त्यांनी आजवर स्वतःलाही विचारलं नव्हतं.

“इश्श, त्यात काय!” म्हणत वकीलबाईंनीच टाळी वाजवली. कुत्रा भरवशाने धावत आला आणि तिपाईवर धाडकन आदळला. तो केकाटला नाही. क्षणभर थांबला आणि तिपाईपुढेच शेपूट हलवू लागला.

“पुरे!” निरीक्षक ओरडले.

“दिसत नाही यात त्याचा दोष नाही, तुझाही नाही,” आक्का म्हणाली. “पण माहीत असून जोडी लावलीस, तर तो दोष तुझा. पिल्लं धडधाकट दिसली तरी हे पुढे नेतील. आणि हिच्या कुत्रीतही ते लपलेलं असेल, तर निम्मी पिल्लं अशीच धडपडतील.”

निरीक्षकांनी वंशावळीच्या चौकटीमागे हात घातला, घडी केलेली चिठ्ठी काढली आणि वकीलबाईंपुढे धरली. “सोयरीक मोडली. तुमच्या कुत्रीचीही चाचणी करून घ्या.”

“आमच्या घराण्यात असलं काही नाही!” वकीलबाई कडाडल्या, आणि दार आपटून गेल्या.

नागरिकहो, पिल्लू घेताना आजोबांची कीर्ती विचारू नका. आईबापांचे डोळे तपासलेत का, ते विचारा. निरीक्षकांना हे इतकं पटलं, की त्यांनी हा कुत्रा आपल्याला विकणाऱ्याला सावध करायला लगेच फोन लावला.

त्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. “हो, त्याच्या आईबापांच्या जोडीत आहे ते,” तो म्हणाला. “परवाच त्यांना आणखी सात पिल्लं झाली. सहा विकलीसुद्धा.”